सहदेवाच्या दोन माळा

सावळखेडच्या पोळ्यात माळ पडल्याशिवाय बैल हलत नसत. डफडी वाजून वाजून सैल पडत, शिंगांची बेगड उन्हात चमके, गावातल्या साऱ्या जोड्या तोरणाच्या अलीकडे पाय आपटत उभ्या राहत, आणि सगळे एका बुटक्या माणसाची वाट पाहत. खांद्यात वाकलेला माणूस. डाव्या हाताची दोन बोटं मोटेच्या चाकात गेलेली. हातात पितळी ताट, ताटात झेंडूची माळ. तो चालत येई, घाई न करता, आणि ती माळ पाटलाच्या गळ्यात घाली. मग पाटलाची जोडी तोरणाखालून जाई, तिच्यामागे भावकीची, मग बाकी गाव.

हा सहदेव माळी. वर्षातून एकदा, तेवढ्या चार पावलांपुरतं, गाव त्याच्यासाठी थांबे. एरवी त्याला कोणी "ए माळ्या, वांगी हायेत काय?" यापलीकडे काही विचारत नसे.

बाळापूरच्या खाली, मन नदीच्या काठी गाव. सहदेवाच्या आज्याच्या काळी किल्ल्यात नवाब होता. पोळ्याच्या दिवशी किल्ल्यातून एक स्वार येई, त्याच्या खोगिरावर घडी घातलेला एक शेला असे. तोरणाखाली स्वार तो शेला पाटलाच्या खांद्यावर टाकी आणि माळी त्यावर माळ घाली. सोहळा एवढाच, पण त्याच्यावर पुढचं अख्खं वर्ष चाले. शेला अंगावर असलेला माणूस गावाला हुकूम करी आणि नवाबाला वसूल देई. त्याच पाटलानं माळेच्या चाकरीपोटी आज्याला दोन बिघे काळं रान आणि एक बारमाही विहीर दिली होती. गाव त्याला माळेची बाग म्हणे. म्हणजे नवाबानं शेला दिला, शेल्याखालच्यानं बाग दिली आणि बागेतल्यानं माळ दिली. तिघांपैकी कोणी एक नसता तर बाकी दोघं नुसते उन्हात उभे राहिलेले दिसले असते.

पाटलाच्या घराण्यात दोन पाती होत्या, थोरली आणि धाकटी. शेला बहुधा थोरलीला पडे. पण एका वर्षी थोरल्या पातीनं नवाबाच्या स्वारीला माणसं धाडली नाहीत, तेव्हा स्वारानं शेला उचलला तो सरळ धाकट्याच्या खांद्यावर नेऊन टाकला. आज्यानं मुकाट्यानं माळ तिकडे नेली. पुढच्या वर्षी शेला परत थोरल्याकडे आला, आणि माळही आली. सहदेवाचा बाप ही गोष्ट सांगे आणि वर म्हणे, "नवाबाले दोघंबी लागत, बावा. एक शेल्यात, एक शेल्याच्या वाटेवर डोये लावून. आपून कोनाचं तोंड पाह्याचं नाही. शेल्याच्या मांगं जाचं."

मग राज्य बदललं. त्या वर्षी गावानं दिवस कलेपर्यंत स्वाराची वाट पाहिली. बैल उभ्यानं शेण टाकत होते. शेवटी गावानं सहदेवाकडे पाहिलं. बाप नुकताच गेला होता आणि ताट पहिल्यांदाच त्याच्या हातात होतं. शेला नाही तर कोणाच्या मागे जायचं? त्यानं गेल्या वर्षीचा शेला आठवला आणि थोरल्या पातीच्या म्हाताऱ्याला माळ घातली. पोळा सुटला. म्हातारा गेल्यावर त्याच्या मुलाला, भगवंतरावाला, माळ पडू लागली. त्यानंतर सावळखेडात पाटील कोण हे सांगणारी एकच वस्तू उरली होती, आणि ती अंबाडीच्या दोऱ्यात ओवलेली होती.

माळेची एक रीत होती. पोळा फिरून आला की पाटील माळ काढून माळ्याला परत देई. सहदेवाची बायको गंगूबाई ती दाराच्या चौकटीवर टांगे. माळ तिथंच वाळे. उन्हाळ्यात तीच चुरगाळून बी काढायचं आणि विहिरीच्या पाण्यावर पेरायचं, म्हणजे पोळ्याला, इतर कोणाचा झेंडू कळीत नसताना, इथं फुलं तयार. दरवर्षीची माळ मागच्या वर्षीच्या माळेतून उगवे. गंगूबाईची तीन लेकरं गेली होती. जगलेली जमुना अंजनगावला पानमळ्यात दिली होती. त्यामुळे ती म्हणे, "माह्या घरात वंश चालते तो या झेंडूचा."

सहदेव चाळिशी ओलांडत होता तेव्हा सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. लोकांनी ज्वारीची रानं मोडली, चारा मोडला, बांध कोरले. धाकट्या पातीचा नत्थुजी सगळ्यांच्या आधी शहाणा झाला. त्याच्या गाड्या खामगावला आणि अमरावतीला जात, बैलांच्या शिंगांवर चांदीच्या टोप्या घालून परत येत. भगवंतराव मात्र ओट्यावर बसून मिशीला पीळ देत राहिला. गावाचा वसूल गोळा करण्याचं कामही हळूहळू नत्थुजीच करू लागला. मान एकाकडे, काम दुसऱ्याकडे, असं चाललं होतं.

अठराशे चौसष्ट सालच्या श्रावणात इंग्रज सरकारचा कारकून आला. वामनराव नाव, पुण्याकडचा. चावडीपुढच्या निंबाखाली जाजम घातलं. जाजमाच्या एका टोकाला भगवंतराव, दुसऱ्या टोकाला नत्थुजी, मधे वामनराव आणि त्याची दौत. पुढ्यात सहदेव उभा.

"सहदेव माळी तूच का?"

"हो जी."

"पोळ्याला पाटलाला माळ तू घालतोस?"

"माहा बाप घाले. त्याच्या आंधी आजा."

"कोणत्या पाटलाला?"

सहदेवानं जाजमाच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं नाही. पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"पाटलाले जी."

लोक हसले. शालिकराम नावाचा एक कास्तकार होता, गावात सगळ्यांची टर उडवणारा. तो मागून ओरडला, "साहेब, हा मेल्यावर यमाले बी असंच सांगन! कोन मेला? मानूस मेला जी!"

वामनराव हसला नाही. "हे पाहा," तो म्हणाला, "दोघांकडे नवाबाचे कागद आहेत. दोन्ही शिक्के खरे. साहेबांना गावात एकच पाटील नेमायचा आहे. त्यांचं म्हणणं, गावचा मान कोणाकडे चालतो ते पाहून या. मी पोळ्याला येईन. तोरणाखाली माळ ज्याच्या गळ्यात पडेल, त्याचं नाव लिहीन." मग त्यानं कागद उलटला. "आणि ही बाग तू खातोस, ती कोणत्या सनदेवर?"

"सनद नाही जी. माळ हाये."

"म्हणजे पाटीलकीही माळेवर आणि बागही माळेवर." वामनरावानं टाक दौतीत बुडवला. "बरं झालं. एका खेपेत दोन्ही उरकतील."

पोळ्याला आठ दिवस होते.

तिसऱ्या दिवशी सकाळीच नत्थुजी बागेत आला. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या दगडावर बसला, पाय पाण्यात सोडले.

"सहदेवा, झेंडू लय दाट आला रे यंदा."

"तुमच्या किरपेनं."

"माह्या कायच्या किरपेनं? पान्याच्या किरपेनं. असं काळं रान, वरून बारमाही विहीर. अथी कापूस लावला तं बोंडं हातात मावनार नाहीत."

"पोळ्याले फुलं लागतात जी."

"लागतात ना! मी कोठी नाही म्हनून राहिलो?" नत्थुजीनं पाय हलवले. "माळ माह्या गळ्यात घाल. बाग सरकारच्या कागदावर तुह्या नावानं करून देतो. भगवंतराव देईन काय तुले कागद? त्याच्या घरचा कागद उंदरानं खाल्ला."

"अन् नाही पडली तं?"

नत्थुजीनं एक फूल तोडलं, पाकळ्या चुरून पाण्यात सोडल्या. "मंग मी अथी कापूस पेरीन. पाटील असो का नसो. मले अडवते कोन?"

त्याच दिवशी दुपारी भगवंतरावाचं बोलावणं आलं. तो ओट्यावर होता. मांडीवर जुना शेला, कडेची जर काळी पडलेली, घडीवर कसरीची भोकं.

"हात लावून पाह्य."

सहदेवानं हात धोतराला पुसला आणि शेल्याच्या टोकाला बोट लावलं.

"तुह्या आज्यानं याच्यावर माळ घातली होती."

"हो जी."

"मले कापूस समजला नाही, सहदेवा. मले दलाल समजत नाहीत. मले एवढंच समजते का पोळ्याले माहे बैल पयले जातात. थे गेलं तं मी कोन?"

सहदेवानं शेल्यावरचं बोट काढून घेतलं. असा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता, आणि पाटलानं तर नाहीच.

भगवंतरावाचा आवाज लगेच चढला. "तोंडात काय माती भरली? बाग माह्या घरानं देली. देल्ली वस्त मले मांगून घेता येते. माह्या मानसायले विहिरीत गोटे टाकाले एक दिवस लागन. आइकलं?"

"आइकलं जी."

घरी येऊन तो उंबऱ्यावर बसला. डोक्यावर मागच्या वर्षीच्या माळेचा रिकामा दोरा लटकत होता. गंगूबाई चुलीपुढून म्हणाली, "भगवंतरावालेच घाला. मांगच्या साली त्यालेच घातली. खरं थेच हाये."

"खऱ्यानं बाग राह्यते काय?"

"मंग नत्थुजीले घाला."

"अन् विहिरीत गोटे पडले तं?"

"मंग करता काय? ताट घेऊन घरीच बसता?"

तो उठला. अंबाडी सोलायला घेतली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपानं मळायला सारं गाव नदीवर गेलं होतं, तेव्हा गंगूबाईला खुंटीवर पीळ घातलेले दोन दोरे दिसले.

"हे दोन कायले?"

"दोन माळा."

"दोन?"

"मले हात दोन हायेत ना. दोघाले एकाच दमात घालतो. कोनी पयला नाही, कोनी दुसरा नाही."

गंगूबाईच्या हातातली परडी तशीच राहिली. "अवो, दोघंबी मारतील तुमाले."

"दोघंबी सोडतील."

"तुमचा आजा एकाच्या मांगं गेला. बाप एकाच्या मांगं गेला. दोघाच्या मांगं कोनी चाललं काय कधी?"

"त्यायच्या पुढं शेला होता, गंगे. माह्या पुढं काय हाये?"

तिनं फुलं तोडून दिली. जन्मात पहिल्यांदा बाग अशी उघडी झाली, एक कळीसुद्धा मागे उरली नाही.

पोळ्याच्या दिवशी वामनराव तोरणाशेजारी खुर्चीवर बसला. भगवंतराव आणि नत्थुजी, दोघं आपापल्या जोड्या धरून तोरणाखाली उभे. मधे हातभर जागा. सहदेव आला. ताटात दोन माळा पाहून पुढची माणसं कुजबुजली आणि ती कुजबूज मागे सरकत सरकत शेवटच्या बैलापर्यंत गेली.

त्यानं ताट खाली ठेवलं. उजव्या हातात एक माळ, डाव्या हातात दुसरी. डाव्या हाताला दोन बोटं कमी, म्हणून ती त्यानं मनगटावर तोलली. दोघांच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात एकदम वर नेले.

माळा एकदम पडल्या.

लोकांनी माना उंचावल्या. मग शालिकराम ओरडला, "अरे, हा पोळा हाये का लगन? आता यायच्यावर तांदूळ टाका!"

अख्खं गाव हसलं. दोन्ही पाटील ऐकत होते, आणि गाव त्यांना हसत होतं. असं सावळखेडात कधी झालं नव्हतं. भगवंतरावानं गळ्यातली माळ दोन्ही हातांनी धरून तोडली आणि बैलांच्या पायात फेकली. नत्थुजी मात्र हालला नाही. त्यानं बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि भगवंतराव माळ फेकत असतानाच जोडी तोरणाखालून काढली. संध्याकाळी त्यानं आपली माळ रीतीप्रमाणे परत पाठवली. गंगूबाईनं ती दारावर टांगली. सहदेव म्हणाला, "पाह्य, झालं काय काही?"

दहा दिवसांनी वामनरावानं निंबाखाली कागद वाचला. माळेचा मान कोणा एकाचा असल्याचं दिसत नाही, सबब मानावरून निर्णय होत नाही. सरकारचा वसूल जो वेळेवर भरतो आणि ज्याला जामीन मिळतो, त्या नत्थुजीस पाटील नेमलं आहे. भगवंतराव जागचा उठला आणि कागद संपायच्या आत निघून गेला. वामनराव वाचत राहिला. माळेची चाकरी कोणाची हे चाकरी करणाऱ्यासच सांगता येत नाही, सबब चाकरीपोटी चालत आलेली बाग खालसा. जो पूर्ण धारा भरण्यास राजी असेल त्याला लावून द्यावी.

सहदेव पुढे आला. "मी दोघायले मान देला जी."

"तेच तर." वामनराव कागदाची घडी घालत होता. "दोघांना दिलास म्हणजे कोणालाच दिला नाहीस. आता त्या माळेला जमीन कशासाठी द्यायची?"  माणूस वाईट नव्हता. खालच्या आवाजात म्हणाला, "एकालाच घातली असतीस ना, कोणालाही, तर मी चाकरी कायम लिहिणार होतो. दोघांपैकी कोणालाही, सहदेव."

बाग नत्थुजीनं घेतली. वांग्याच्या ओळी मोडल्या, कण्हेर मुळासकट काढली. झोपडी बागेच्या कोपऱ्यात होती, ती राहू दिली, कारण मोट हाकायला माणूस लागणारच होता. सहदेव आता त्याच विहिरीवर रोजानं मोट हाकू लागला.

जमुनेचा निरोप आला, अंजनगावले या म्हणून. गंगूबाई तयार होती. सहदेव म्हणाला, "लेकीच्या दारी जाऊन बसू काय?" आणि विषय तिथं मिटवला.

पुढच्या साली पाऊस यायच्या आधीच नत्थुजीनं विहिरीच्या पाण्यावर तिथं कापूस लावला. ज्येष्ठात निंदण निघालं. सहदेव ओळीत बसला, हातात खुरपं. कापसाच्या रोपांच्या मधून झेंडू उगवून आला होता. मागच्या साली भगवंतरावानं तोडून फेकलेल्या माळेचा तर नव्हता तो. तोडताना गळून पडलेल्या फुलांचा असेल, किंवा गंगूबाईनं लावलेला असेल. तिला विचारलं तर ती तोंड फिरवे. हातभर रोपं, पानांचा वास ओळखीचा.

बांधावरून नत्थुजी म्हणाला, "सहदेवा, थे गवत ठेवलं काहून?"

"गवत नाही जी. झेंडू होय."

"कापसात उगवलं थे गवत."

सहदेवानं खुरपं घातलं. एकेक रोप मुळासकट काढलं, मुळाची माती झटकली आणि बांधावर उन्हात टाकलं. सगळी ओळ होईपर्यंत नत्थुजी उभा होता.

तिकडची लढाई थांबल्याची बातमी तोवर अमरावतीच्या बाजारात पोचली होती आणि कापूस घसरत चालला होता. नत्थुजीला आता चांदीच्या टोप्यांपेक्षा पाटीलकीचा आधार वाटू लागला. त्यानं खटपट केली. पोळ्याला तहसिलीतून त्याच्यासाठी पागोटं येणार, गावासमोर, तोरणाखाली, सरकारच्या हातानं बांधलं जाणार, असं ठरलं. नवाबाचा शेला गेला होता; त्याच जागी आता पागोटं येत होतं. पागोटं आलं म्हणजे त्यावर माळ आलीच. फुलांसाठी माणूस बाळापूरला गेला.

पोळ्याच्या पहाटे मन नदीला पूर आला. वामनराव पागोटं घेऊन आदल्या दिवशीच उतरला होता. फुलंवाला पलीकडच्या काठावर परडी डोक्यावर धरून उभा असलेला दिसत होता.

नत्थुजी झोपडीपुढे आला. पहिल्यांदाच त्यानं बाहेरून हाक दिली, आत शिरला नाही.

"सहदेवा, माळ पाह्यजे."

सहदेव मोटेचा दोर वळत होता. "फुलं कोठी हायेत जी?"

"आन कोठून बी. तोरन बांधलं हाये. तो पुन्याचा बसला हाये. माळ नसली तं गाव हासन."

"मांगच्या साली हासलं होतं."

नत्थुजीनं ओठ चावले. "घाल तं खरं. बागेचं मंग पाहू."

"पाहू," सहदेव म्हणाला. त्याला माहीत होतं की काही पाहणार नाही कोणी. तो उठला आणि परडी घेतली.

गंगूबाई मागे धावली. बागेत कापूस कमरेएवढा उभा होता. लवकर लावलेला, भर फुलात. पिवळी फुलं, आत गडद लाल डोळा. सहदेव ओळीत शिरला आणि पहिलं फूल तोडलं.

"अवो! एका फुलाचं एक बोंड होते."

"ठावं हाये."

"तो मारून टाकन."

"फुलं आन म्हनला. अथी हेच फुललं हाये." तो तोडत राहिला. "दोरा दे. एकच दे यंदा."

तिनं दोरा दिला. मग तीही ओळीत शिरली.

तोरणाखाली वामनरावानं नत्थुजीच्या डोक्यावर पागोटं ठेवलं. सहदेव ताट घेऊन आला. पुढे उभ्या असलेल्या कास्तकारांनी ताटाकडे पाहिलं. पुरुषांना कळलं, बायकांना कळलं. वर्षभर ज्याच्यासाठी राबायचं ते ताटात ओवून ठेवलं होतं.  शालिकरामानंसुद्धा तोंडाला हात लावला.

"वा!" वामनराव म्हणाला. "सुंदर रंग आहे. कशाची रे ही?"

"बागेतली जी."

माळ नत्थुजीच्या गळ्यात पडली. थंड, मऊ. त्यानं मान न हलवता खाली पाहिलं. वामनराव समोर होता. गाव समोर होतं. ओठ न हलवता तो म्हणाला, "किती तोडली?"

"माळेले पुरली एवढी."

"पाटील, चला," वामनराव म्हणाला.

नत्थुजी गळ्यात आपलंच पीक घालून सारा गाव फिरला. कापसाचं फूल एका दिवसाचं. घरी परतेपर्यंत माळ मिटली होती आणि तिचा पिवळा रंग तांबूस, मग लाल होत गेला होता. ती त्यानं परत पाठवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजीची चार माणसं आली. सहदेवाला त्यांनी थारोळ्याच्या दगडाला धरून मारलं, मग झोपडीवरचं छप्पर उतरवलं. "या झोपडीची जागा बी बागेतच मोजली हाये," एकजण म्हणाला. गंगूबाईनं भांडी गोळा केली. दारावरची मागच्या वर्षीची वाळकी माळ फडक्यात बांधली. रस्त्यात भगवंतरावाचा ओटा लागला. तो बसलेला होता, मांडीवर काही नव्हतं. त्यानं सहदेवाच्या फुटलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसरीकडे वळून बसला.

ती दोघं अमरावतीला गेली. कापसाच्या गठाणी बांधायच्या कामावर त्याला घेतलं. वखारीत दिवसभर रुईची धूळ उडे. गठाण दाबून दोर आवळायला सगळी बोटं लागत, त्याला आठच होती. पहिल्या हिवाळ्यात खोकला लागला. गंगूबाईनं वखारीच्या मागच्या भिंतीला ती माळ चुरगाळून पेरली, रोज पाणी घातलं. काही उगवलं नाही.

तिसऱ्या साली, श्रावण संपत आला असताना, शालिकराम मागल्या हंगामाचा उरला कापूस घेऊन बाजारात आला. त्यानं त्यांना शोधून काढलं. सहदेव वखारीच्या सावलीत पडला होता.

"काय म्हन्ते गाव?" सहदेवानं विचारलं.

"गाव काय म्हन्नार? भगवंतराव पोळ्याले येतच नाही आता. बैल घरीच पुजते. नत्थुजी हाये. माळ बाळापूरहून येते."

"घालते कोन?"

"कोनी बी. मांगच्या साली कोतवालानं घातली."

सहदेव बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "दोरा कायचा होता?"

"मले काय मालूम बा? दोरा पाह्यते काय कोनी?"

सहदेवानं डोळे मिटले. दोन दिवसांनी तो गेला. शालिकराम तोवर थांबला होता. गाडी रिकामी होती, पण त्याचा पाय निघेना. खांदा त्यानंच दिला. अमरावतीच्या बाजारात फुलं भरपूर होती. गंगूबाईनं घेतली नाहीत.

निघताना त्यानं विचारलं, "गावात सांगू काय, वैनी? पोळा चार दिवसावर आला."

"पोळा झाल्यावर सांगजो."

"काहून?"

"आंधी सांगशील अन् बैल थांबले नाहीत, तं मले आइकू येईन."

शालिकराम हो म्हणाला. पण आयुष्यात एवढी एक गोष्ट त्याला पोटात ठेवता आली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी, नदीवर बैलांचे खांदे मळताना, त्यानं सगळ्यांना सांगितलं. माणसं क्षणभर थांबली, कोणी "अरेरे" म्हटलं, कोणी विचारलं काय झालं होतं. दुसऱ्या दिवशी माळ बाळापूरहून वेळेवर आली आणि बैल वेळेवर सुटले.